रस्ता, रयत व सरकार : कल्याण परिसरातील भूसंपादनाचा इतिहास

किल्ल्याचा इतिहास लिहिला जातो, देवळाचा लिहिला जातो, घराण्यांच्या तर बखरीच्या बखरी आहेत. परंतु रस्त्याखाली गेलेल्या शेताचा इतिहास लिहिण्याची चाल आपल्याकडे नाही. रस्ता एकदा झाला म्हणजे तो पूर्वी नव्हता ह्याची आठवण दोन पिढ्यांच्या आत पुसली जाते, आणि ज्याच्या बांधावरून तो गेला त्याचे नाव फेरफाराच्या वहीत तेवढे उरते. कल्याण व त्याच्या आसपासचा मुलूख ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. खाडीकाठचे जुने बंदर, कान्हेरीच्या लेखांत ज्याच्या दात्यांची नावे आढळतात ती पेठ, शिवछत्रपतींनी १६५७ साली घेतलेले ठाणे, आणि १८५४ साली आगगाडी येऊन पोचलेले गाव, अशी कल्याणची ओळख सांगण्याची रीत आहे. आम्ही येथे ती निराळ्या अंगाने सांगू इच्छितो. ह्या भूमीतून सरकारने वेळोवेळी जमीन घेतली ती कोणत्या अधिकाराने, कोणत्या मोलाने, आणि घेतल्यावर त्या जमिनीची जी किंमत वाढली ती कोणाच्या पदरी पडली, हे तीन प्रश्न आमच्यापुढे आहेत. आज कल्याण, डोंबिवली व शीळ ह्यांच्या दरम्यान नव्या वसाहती उठत असता व त्यांच्यासाठी नवे रस्ते आखले जात असता हे प्रश्न केवळ पंडितांच्या करमणुकीचे नाहीत. त्या वसाहतींत राहावयास जाणारी माणसे बहुतेक आपलीच आहेत.

प्रथम अधिकाराचा विचार करू. राजा हा साऱ्या भूमीचा धनी, असा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे. तो आपल्या शास्त्रकारांस मान्य नव्हता. विश्वजित् यज्ञात यजमानाने सर्वस्व द्यावयाचे असते. तेव्हा यजमान राजा असल्यास त्याने पृथ्वीही दान करावी काय, असा प्रश्न मीमांसकांनी उपस्थित केला, आणि त्याचे उत्तर नकारार्थी दिले. राजाचे काम रक्षणाचे. त्याबद्दल त्याला कर मिळतो. शेत मात्र शेतकऱ्याचे. सतराव्या शतकात नीलकंठ भट्टांनी ‘व्यवहारमयूखा’त हाच निर्णय पुढे चालविला. राजा जेव्हा गाव इनाम देतो तेव्हा तो उत्पन्नाचा हक्क देतो, जमिनीचे स्वामित्व देत नाही. आणि राजाला स्वामित्व हवेच असेल तर त्याने ते धन्याकडून विकत घ्यावे, असे त्यांच्या म्हणण्याचे तात्पर्य आहे. हा ग्रंथ मुंबई इलाख्यातील न्यायालयांत प्रमाण मानला जात असे, म्हणून त्याचे मत विशेष वजनदार आहे.

हे केवळ पोथीतले वचन होते असेही नाही. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात ह्याचा लेख आहे. भिक्षूंच्या अन्नाची कायमची सोय व्हावी म्हणून त्याने एका ब्राह्मणाकडून शेत घेतले व त्याबद्दल ४००० कार्षापण मोजून दिले, अशी नोंद त्याने दगडावर कोरून ठेविली आहे. विकणाऱ्याचे नाव अश्विभूती, त्याच्या आईचे नाव वाराही, हेही तो सांगतो. सत्ताधीशाच्या घरातील पुरुष, काम धर्माचे, आणि तरीही शेत विकत घेतले! शिवाय किंमत व विकणारा ह्या दोन्ही गोष्टी जाहीर केल्या. अलीकडच्या कित्येक व्यवहारांत ह्या दोन गोष्टी शोधून काढण्यास माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा लागतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या लेखाची थोरवी कळते.

युरोपात ह्या विषयाला शास्त्रीय रूप आले ते १६२५ साली, ह्यूगो ग्रोशियस ह्या डच पंडिताच्या ग्रंथाने. लोककल्याणाच्या गरजेपुढे खाजगी स्वामित्वाने वाट सोडली पाहिजे, पण नुकसान झालेल्यास भरपाई मिळाली पाहिजे, अशी त्याने जोडगोळी बांधून दिली. १७८९ च्या फ्रेंच जाहीरनाम्याने त्यात दोन शब्दांची भर घातली. भरपाई ‘न्याय्य’ असावी एवढेच नव्हे, तर ती ‘आगाऊ’ असावी. शेतकऱ्याच्या दृष्टीने ह्या दुसऱ्या शब्दाचे महत्त्व पहिल्याहून कमी नाही. कारण न्याय्य भरपाई नातवाच्या हाती आली तर आजोबाला तिचा उपयोग काय?

आता आपल्या इलाख्याकडे वळू. मुंबई इलाख्यात जमीन सक्तीने घेण्याचा पहिला कायदा १८३९ साली झाला, आणि तो रस्त्यांसाठीच झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. मुंबई व कुलाबा ह्या बेटांतील सार्वजनिक रस्ते रुंद करावयाचे असल्यास भरपाई कशी ठरवावी, एवढाच त्याचा विषय होता. १८५० साली त्याचा विस्तार करून इलाख्यातील आगगाडीच्या रस्त्यास तो लागू करण्यात आला. १८५३ च्या एप्रिलात बोरीबंदर ते ठाणे अशी गाडी सुटली, व पुढल्याच वर्षी ती कल्याणला पोचली. आगगाडीची कंपनी विलायती होती. तिच्या भांडवलावर व्याजाची हमी सरकारची होती. आणि तिला लागणारी जमीनही सरकारनेच मोफत पुरवावी असा करार होता. म्हणजे जमीन रयतेची, पैसा खजिन्याचा व नफा कंपनीचा, अशी ती त्रिस्थळी यात्रा होती. कल्याणच्या पंचक्रोशीत ‘सार्वजनिक कामासाठी’ म्हणून घेतलेली जमीन प्रथम दिसते ती येथे. आगगाडीने कल्याणचे कल्याण केले हे आम्ही नाकारीत नाही. पण ‘सार्वजनिक काम’ ह्या शब्दाच्या पोटात एखाद्या कंपनीचा नफा सुखाने नांदू शकतो, हा धडाही त्याच वेळी दिला गेला.

१८५७ साली साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एक कायदा झाला. त्यात वाद पंचांकडे जाई व पंचांचा निवाडा अखेरचा असे. पंच नालायक किंवा लाचखाऊ निघतात अशी ओरड झाल्यावरून १८७० साली वाद दिवाणी न्यायालयाकडे नेण्याची सोय झाली. त्यानंतर आला तो १८९४ चा पहिला कायदा. हा कायदा एकशेएकोणीस वर्षे टिकला. राणीच्या राज्यात जन्मला, चार बादशहांचे राज्य पाहिले, स्वराज्य आले तरी हलला नाही, आणि लोकसत्ताक राज्याच्या चौसष्टाव्या वर्षी निवृत्त झाला. इतके दीर्घायुष्य लाभलेला कायदा सरकारला किती सोयीचा असला पाहिजे, हे निराळे सांगावयास नको.

त्या कायद्याची रचना अशी होती. कलम ४ अन्वये जमीन लागण्याचा संभव आहे असे जाहीर करावयाचे. कलम ६ अन्वये ती सार्वजनिक कामासाठी लागतेच असे जाहीर करावयाचे. मग नोटिसा, मोजणी, आणि कलेक्टरचा निवाडा. निवाडा हा शब्द मोठा भारदस्त खरा. पण १९०५ साली प्रिव्ही कौन्सिलने स्पष्ट केले की हा न्यायाधीशाचा निर्णय नसून सरकारच्या वतीने केलेली किमतीची बोली आहे. ज्याला बोली पसंत नसेल त्याने न्यायालयाचा रस्ता धरावा. मात्र त्यासाठी पैसे घेतेवेळी आपली हरकत नोंदविलेली असली पाहिजे. ज्याने निमूटपणे अंगठा उठविला त्याचा मार्ग तेथेच खुंटला. परिणाम असा होई की एकाच शिवारातील दोन लागून असलेल्या खाचरांपैकी वकील करणाऱ्याच्या खाचराला अधिक भाव मिळे व न करणाऱ्याच्या खाचराला कमी. भाताला हा भेद कधी कळला नाही, कायद्याला मात्र तो नव्वद वर्षे मान्य होता. १९८४ साली कलम २८-अ घालून शेजाऱ्याच्या वाढीव निवाड्यावरून आपलीही भरपाई नव्याने ठरवून मागण्याची मुभा देण्यात आली, तेव्हा कोठे हे वैषम्य काहीसे कमी झाले.

परंतु ह्या कायद्याचे अंतरंग पाहावयाचे असेल तर कलम २४ वाचावे. भरपाई ठरविताना कोणत्या गोष्टी मनात आणू नयेत, ह्याची तेथे यादी आहे. तीतील एक बाब अशी की, धन्याची जमीन सोडण्याची नाखुशी हिशेबात धरू नये. दुसरी अशी की, जमीन ज्या कामासाठी घेतली त्या कामामुळे तिची पुढे जी किंमत वाढेल तीही हिशेबात धरू नये. ह्या दोन बाबींत सगळा इतिहास साठलेला आहे. पहिलीने मागचा ऋणानुबंध वगळला, दुसरीने पुढची आशा वगळली. राहिला तो जाहीरनाम्याच्या दिवशीचा बाजारभाव. बाजारात खुशीने विकणारा व खुशीने घेणारा असे दोघे गृहीत धरून भाव काढावयाचा, आणि तो लावावयाचा मात्र नाखुशीने देणाऱ्याला! कायदा करणारांच्या मनालाही ह्याची टोचणी असावी. कारण सक्तीबद्दल म्हणून बाजारभावावर शेकडा १५ जादा देण्याची तरतूद त्यांनी ठेविली होती. १९८४ साली ते शेकडा ३० झाले व २०१३ च्या कायद्याने शेकडा १०० झाले. एकशेएकोणीस वर्षांत नाखुशीचा भाव एवढा चढला. नाखुशी हिशेबात धरू नये असे एका हाताने लिहिणाऱ्या कायद्याने दुसऱ्या हाताने तिचा दर ठरविला, ही विसंगती मार्मिक आहे.

बाजारभाव तरी कसा निघे? आसपासच्या खरेदीखतांवरून. आणि खरेदीखतांत मुद्रांकाचे पैसे वाचविण्यासाठी रक्कम कमी लिहिण्याची आपली चाल सर्वांस ठाऊक आहे. शेजाऱ्याने सरकारला फसविण्यासाठी लिहिलेला आकडा सरकारने आपल्याला भाव ठरविण्यासाठी वापरावा, असा हा काव्यगत न्याय. फरक एवढाच की पाप एकाचे व प्रायश्चित्त दुसऱ्याला. कोकणपट्टीत आणखी एक अडचण आहे. येथील भातशेती केवळ खाचरावर चालत नसे. राबासाठी पाला, गवत व कवळ पुरविणारी वरकस जमीन तिच्या पाठीशी असावी लागे. दप्तरात वरकसाचा आकार नाममात्र, म्हणून तिची किंमतही नाममात्र. पण वरकस गेली की खाचराचा राब गेला. तीच गोष्ट रस्त्याच्या भरावाची. भातखाचरांतून मातीचा उंच भराव गेला की वरच्या अंगाला पाणी तुंबते व खालच्या अंगाला पोचत नाही. तुकडा पडल्याने उरलेल्या जमिनीचे जे नुकसान होते त्याची भरपाई कायद्यात सांगितलेली होती खरी. परंतु ती मागावी लागते, सिद्ध करावी लागते, आणि पाण्याची वाट नकाशावर दाखविणे हे जरीब धरणाऱ्या मोजणीदारापेक्षा नांगर धरणाऱ्यालाच अधिक साधते.

वसाहतीसाठी जमीन घेण्याची कल्पना आपल्याकडे रूढ केली ती मुंबईच्या सुधारणा ट्रस्टने. १८९६ साली प्लेग आला, १८९८ साली ट्रस्टचा कायदा झाला. दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढण्यात आले, आणि उत्तरेस दादर, माटुंगा, शीव येथील शेतांवर आखीव वसाहती उठल्या. दादरची हिंदु कॉलनी ही त्यांपैकीच. मराठी सुशिक्षित वर्गाची एक पिढी त्या झाडांच्या छायेत वाढली. पण ट्रस्टने पहिल्या वीस वर्षांत जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत, हेही त्याच इतिहासाचे दुसरे पान आहे. ज्याचे घर रस्त्यात गेले तो रस्त्याच्या कडेच्या नव्या इमारतीत राहावयास आला, असे सहसा घडले नाही.

‘सार्वजनिक काम’ म्हणजे काय, हा वाद त्याच काळी विकोपास गेला. मलबार हिलवरील एक जागा सरकारी अधिकाऱ्यांच्या निवासासाठी परत घेण्याचे सरकारने ठरविले. काही थोड्या अधिकाऱ्यांना घरे मिळणे हे सार्वजनिक काम कसे, असा पेटिट घराण्यातील हमाबाईंचा आक्षेप होता. प्रकरण विलायतेपर्यंत गेले व १९१४ साली प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला की, ज्यात व्यक्तिविशेषाच्या हितापलीकडे समाजाचे हित प्रत्यक्ष गुंतलेले आहे ते सार्वजनिक काम होय, आणि ते तसे आहे की नाही हे सांगण्यास सामान्यतः सरकार समर्थ आहे. ह्या निर्णयाची छाया पुढे फार लांबवर पडली. १९२१ साली मुळशीच्या मावळ्यांच्या जमिनी टाटांच्या विजेच्या धरणासाठी घेण्यात आल्या, तेव्हा सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. मुळशीचा प्रश्नही मुळात हाच होता, की मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळावी हे समाजाचे हित खरे, पण मावळा त्या समाजात मोडतो की नाही? सत्याग्रह हरला. त्याच सुमारास, १९२३ साली, कायद्यात कलम ५-अ येऊन जमीनमालकाची हरकत ऐकून घेणे सरकारवर बंधनकारक झाले. ऐकून घेणे बंधनकारक झाले, मानणे नव्हे.

सक्तीवाचून दुसरा मार्गच नव्हता, असे मात्र कोणी म्हणू नये. १९१५ साली मुंबई इलाख्याने नगररचनेचा कायदा केला. हिंदुस्थानातील अशा प्रकारचा तो पहिला. त्याची युक्ती अशी की, एका भागातील सर्वांच्या जमिनी एकत्र करावयाच्या, त्यांतून रस्ते व मोकळ्या जागा काढावयाच्या, आणि उरलेली जमीन आखीव तुकड्यांच्या रूपाने मूळ धन्यांसच परत वाटावयाची. जमीन थोडी कमी मिळे, पण रस्त्याकाठची मिळे. आणि वाढलेल्या किमतीचा निम्म्यापर्यंत भाग खर्चापोटी सार्वजनिक खजिन्यात येई. कलम २४ ने जी वाढ धन्याच्या हिशेबातून पुसून टाकली होती ती येथे धनी व समाज ह्यांत वाटली जाई. त्याच वर्षी पॅट्रिक गेडिस ह्या स्कॉटिश पंडिताने इलाख्यातील सहा शहरांविषयी अहवाल लिहिला. त्यांत ठाणेही होते. जुने गाव पाडून सरळ रेघा ओढण्यापेक्षा, वैद्य जसा रोग्याचे शरीर राखून शस्त्रक्रिया करतो तसे करावे, हे त्याचे सूत्र. ते ऐकून आदर वाटणारे पुष्कळ निघाले, आचरणारे थोडे.

दुसऱ्या महायुद्धाने कल्याणचे रूप पालटले. गावाच्या पूर्वेस मोठी लष्करी छावणी पडली, आणि १९४२ च्या सुमारास नेवाळीजवळ विमानांसाठी धावपट्टी करण्याकरिता सुमारे सोळाशे एकर जमीन घेण्यात आली. येथे एक भेद समजून घेतला पाहिजे. संपादन म्हणजे कायमचे घेणे, अधिग्रहण म्हणजे गरजेपुरते घेणे. युद्धकाळी भारतरक्षणाच्या कायद्याखाली दुसऱ्या प्रकारची सत्ता सरकारने मुबलक वापरली. युद्ध १९४५ साली संपले. नेवाळीच्या शेतकऱ्यांचे म्हणणे असे की, जमीन युद्धापुरतीच घेतली होती, तेव्हा ती आम्हांस परत मिळावी. संरक्षण खात्याचे म्हणणे असे की जमीन आमचीच. नौदलाच्या वतीने कुंपणाचे काम सुरू झाले त्यावरून २२ जून २०१७ रोजी तेथे मोठा दंगा झाला, वाहने जळाली, गोळीबारापर्यंत मजल गेली. हिंसेचे समर्थन कोणीही करणार नाही. परंतु पंचाहत्तर वर्षे एक प्रश्न तीन पिढ्यांच्या तोंडी राहतो, ह्याचा अर्थ असा की घेतेवेळी जे सांगितले ते लिहून दिले गेले नाही, किंवा लिहिले ते समजावून सांगितले गेले नाही.

छावणीचे पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना त्या बराकींत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी ह्यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. बेघरांना घर देण्याहून अधिक सार्वजनिक काम ते कोणते? तरीही निर्वासितांच्या वसाहतीसाठी जमीन घेताना भाव काय द्यावा, हा प्रश्न सुटला नाहीच. पश्चिम बंगालने अशा जमिनींना १९४६ च्या अखेरच्या भावाहून अधिक देऊ नये असा कायदा केला होता. बेला बॅनर्जी ह्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला व भरपाई म्हणजे गेलेल्या वस्तूचे खरे मोल, असे सांगितले. संसदेने १९५५ साली घटना दुरुस्त करून न्यायालयाचे ते दार ओढून घेतले, आणि १९७८ च्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतूनच गेला. जमीनदाराची जमीन कुळाला देण्यासाठी आरंभिलेल्या ह्या दुरुस्त्यांचा भार कालांतराने त्याच कुळावर, तो धनी झाल्यावर, येऊन पडला. १९५७ च्या कृषकदिनी ज्याला जमीन मिळाली त्याच्याच सातबाऱ्यावर पुढे ‘संपादित’ असा शेरा आला, अशी उदाहरणे ठाणे जिल्ह्यात विरळ नाहीत.

खाडीपलीकडे नव्या मुंबईसाठी १९७० सालापासून पंचाण्णव गावांच्या जमिनी घेण्यात आल्या. दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली तेथील शेतकऱ्यांनी लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात दोन दिवस गोळीबार होऊन पाच जण मृत्यू पावले. त्या रक्ताने एक तत्त्व मान्य करविले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ धन्यास परत द्यावी, असे सरकारने १९९० साली ठरविले. १९१५ च्या कायद्यातील बीज असे पंचाहत्तर वर्षांनी निराळ्या रूपात उगवले. ते आधीच पेरले असते तर? इतिहासकाराने हा प्रश्न विचारू नये असे म्हणतात. नागरिकाने तो विचारलाच पाहिजे.

आता आजच्या कल्याणाकडे येऊ. १ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण-डोंबिवलीची महानगरपालिका झाली. तीत घातलेली भोवतालची सत्तावीस गावे २००२ साली बाहेर काढली, २०१५ साली पुन्हा आत घेतली. त्यांतील अठरा २०२० साली परत वगळण्याचा निर्णय झाला, तो उच्च न्यायालयाने रद्द केला. ज्या गावाला आपण ग्रामपंचायतीचे की शहराचे हेच नक्की कळत नाही, त्या गावाने आपल्या शेतावरील आखलेल्या रेघेकडे विश्वासाने पाहावे, ही अपेक्षा जरा मोठीच म्हणावी लागेल. ह्याच पट्ट्यातील निळजे, काटई, घेसर, कोळे, हेदुटणे, उसरघर, घारिवली, संदप, माणगाव व भोपर ह्या दहा गावांत सुमारे १०८९ हेक्टरांवर विकासकेंद्र करण्याची योजना प्रदेश विकास प्राधिकरणाने आखली; तिला ग्रामस्थांनी विरोध केला. हेदुटण्यापासून टिटवाळ्यापर्यंत शहराला वळसा घालणारा सुमारे तीस किलोमीटरांचा रस्ता आखण्यात आला; त्याचे काही टप्पे झाले, तर काही जमीन हाती न आल्यामुळे वर्षानुवर्षे अडले. कल्याण-शीळ रस्त्याच्या रुंदीकरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनाही मोबदल्यासाठी दीर्घकाळ दाद मागावी लागली. शहरवासी माणूस वाहनांच्या रांगेत अडकला म्हणजे म्हणतो, चार शेतकऱ्यांपायी रस्ता अडला. शेतकरी म्हणतो, मागच्या रस्त्याचे पैसे आले नाहीत, मग पुढचा कसा देऊ? दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे, आणि म्हणूनच प्रश्न बिकट आहे.

कायद्याने ह्या मुदतीत पुष्कळ मजल मारली हे कबूल केले पाहिजे. १ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या कायद्याने शहरात बाजारभावाच्या दुप्पट व खेड्यात चौपटीपर्यंत भरपाई ठरविली. कंपनीसाठी जमीन घ्यावयाची तर शेकडा ८० व भागीदारीच्या कामासाठी शेकडा ७० बाधितांची संमती हवी असे म्हटले. आणि तीन वर्षे त्या जमिनीवर पोट भरणारे कूळ व शेतमजूर ह्यांनाही बाधित म्हणून गणले. ही शेवटची गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. कारण सातबाऱ्यावर ज्याचे नाव नाही अशा कातकऱ्याच्या किंवा मजुराच्या वाट्याला तोवर काहीच येत नसे. शेत गेल्यावर मालकाला पैसे मिळत, मजुराला फक्त बातमी मिळे. पण कायद्याला पळवाटाही फुटल्या. राज्याने २०१८ साली काही प्रकारच्या कामांना सामाजिक परिणामांच्या तपासणीतून सूट देण्याची सोय करून घेतली. शहरी हद्दीत तर बहुधा जमीन घेतलीच जात नाही. ती विकास आराखड्यात राखून ठेविली जाते. राखलेल्या जमिनीवर धड बांधता येत नाही, धड विकता येत नाही. दहा वर्षे वाट पाहावी, मग नोटीस द्यावी, मग पुन्हा मुदत संपेपर्यंत थांबावे. पैशांऐवजी बांधकामाचा हक्क कागदावर मिळतो. तो कागद विकण्याचे ज्ञान ज्याच्यापाशी आहे त्याला तो सोने, इतरांना तो कागदच.

तर मग निष्कर्ष काय? जमीन सक्तीने घेण्याचा अधिकार सरकारला नसावा असे आम्ही म्हणत नाही. एका बांधाच्या हट्टाने लाखो माणसांचा रस्ता अडावा हे न्याय्य नव्हे, आणि घरांची वाण असलेल्या मुलखात घरांकडे जाणारा रस्ता हे निःसंशय लोकांचे काम आहे. परंतु ह्या मुलखाचा दीडशे वर्षांहून अधिक काळचा अनुभव काही कसोट्या आपल्या हाती देतो. पहिली अशी की, रस्ता ज्या गावातून जातो त्या गावालाही तो वापरता आला पाहिजे. ओलांडण्याची जागा, पाण्याची मोरी व गाडीचा थांबा त्याच्या नकाशात आरंभापासून असावा, नंतर मोर्चा आल्यावर नसावा. दुसरी अशी की, पैसे ताब्याच्या आधी मिळावेत, आणि ते अंगठा उठविणाऱ्यास व वकील करणाऱ्यास सारखेच मिळावेत. तिसरी अशी की, रस्त्यामुळे जी किंमत वाढते ती कोणा एकाच्या कष्टाची नसते. ती समाजाने निर्माण केलेली असते. ती सर्वस्वी वसाहत बांधणाऱ्याच्या पदरी पडू देणे हे जितके अनुचित, तितकेच ज्याच्या शेतातून ती उगवली त्याला तीतून वगळणे अनुचित. वाढीचा वाटा त्याला जमिनीच्या रूपाने मिळावा, हाच ह्या भूमीत पुन्हा पुन्हा सापडलेला व पुन्हा पुन्हा विसरलेला मार्ग होय. आणि चौथी अशी की, काम संपले किंवा झालेच नाही तर जमीन परत जावी. पाच वर्षे न वापरलेली जमीन मूळ मालकास अथवा सरकारी भूमिकोशास परत करावी असे आजचा कायदा म्हणतो. ‘अथवा’ ह्या शब्दाने त्यातील अर्धा न्याय खाल्ला आहे.

ह्या कसोट्या मोठ्या खर्चाच्या आहेत असे कोणी म्हणेल. खर्च आहेच, पण तो न केल्याने जो खर्च येतो तो नेवाळीच्या माळावर, उरणच्या रस्त्यावर आणि अर्धवट सोडलेल्या पुलांच्या खांबांवर पाहावयास मिळतो. शिवाय हा खर्च अखेर कोणी सोसावयाचा? ज्यांना रस्ता मिळाला त्यांनी, म्हणजे आपण. नव्या घराची किंमत मोजताना आपण सिमेंटचा दर विचारतो, स्टेशनचे अंतर विचारतो. त्या घराकडे जाणाऱ्या रस्त्याखालच्या शेताचा हिशेब पुरा झाला आहे काय, हे विचारण्याची चाल आपल्या घरांत पडली, तर सरकारलाही तो हिशेब वेळेवर करणे भाग पडेल. उषवदाताने विकणाऱ्याचे नाव दगडावर कोरले, त्याला उणीपुरी एकोणीस शतके होत आली. तेवढी दिलदारी आम्ही मागत नाही. कोनशिलेवर मंत्र्यांची नावे कोरून झाल्यावर जी जागा उरते तीत, ज्या गावांची जमीन घेतली त्या गावांची नावे आणि दिलेले मोल, एवढे तरी लिहावे. लिहिण्यास संकोच वाटेल असे मोल असेल, तर ते पुरेसे नव्हते असे समजावे.